शिवणीहून नागपूर : वहीत आखलेले उड्डाण

समजा तुम्ही तेल्हाऱ्याला राहता. तेल्हारा हे अकोला जिल्ह्याच्या उत्तरेकडचे तालुक्याचे गाव. शाळेच्या पटांगणात उभे राहिले की एका बाजूला सातपुड्याची निळसर रांग दिसते. कधी कधी डोक्यावरून एखादे विमान जाते. उन्हात ते टाचणीएवढे चमकते, मागे पांढरी रेघ सोडते आणि बघता बघता दिसेनासे होते. घरी तुम्ही त्याला 'हवाई जहाज' म्हणता, मराठीत आपण 'विमान' म्हणतो.

हे विमान मनाला येईल तिकडे जात नसते. ते जमिनीवरून सुटण्याआधीच त्याचा सगळा मार्ग ठरलेला असतो. कोणत्या दिशेने जायचे, किती उंचीवरून जायचे, किती वेळ लागेल, किती इंधन लागेल, हे सारे लिहिलेले असते. आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसरीकडे कोठे उतरायचे, हेही आधीच लिहिलेले असते.

असा मार्ग तुम्हीही आखू शकता. त्यासाठी विमान लागत नाही. एक चांगला नकाशा, मोजपट्टी, कोनमापक आणि वही एवढे पुरते. नंतर संगणक मिळाला तर त्याच मार्गाने तुम्हाला घरबसल्या 'उडता'ही येईल.

संगणकावर उड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या आज्ञावलीला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर विमानाची काचेची खिडकी दिसते, तिच्याखाली घड्याळासारखी यंत्रे दिसतात आणि बाहेर जमीन दिसते. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली बाजारात आला. १९९७ मध्ये पहिल्यांदा आलेला 'फ्लाइटगिअर' हा सिम्युलेटर तर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तयार केला आहे आणि तो फुकट मिळतो.

पण सिम्युलेटरचा जन्म खेळण्यासाठी झाला नव्हता. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते असतात. लिंकने तेच भाते वापरून १९२९ साली लाकडी विमानाचा एक डबा बनवला. आत बसून दांडा हलवला की डबा खऱ्या विमानासारखा कलायचा आणि वळायचा. सुरुवातीला लोकांनी त्याला जत्रेतले खेळणे समजले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले. ढग, धुके आणि रात्रीचा अंधार यांत उडण्याची सवय नसल्याने अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा सैन्याने लिंकचे ते 'खेळणे' विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यातच बसून शिकले.

आता आपल्या उड्डाणाकडे वळू. सिम्युलेटर पहिल्यांदा हाती आला की बहुतेक मुले एकच गोष्ट करतात. सर्वांत मोठे विमान निवडतात, ते मिळेल त्या धावपट्टीवर ठेवतात आणि वेग पूर्ण वाढवतात. विमान कोसळते. मग एक कळ दाबली की ते पुन्हा जसेच्या तसे उभे राहते. असे आठ दिवस चालते आणि मग कंटाळा येतो. हा कंटाळा येणारच, कारण त्यात चुकीची किंमत मोजावी लागत नाही. मार्ग आखून उडालात तर चूक कोठे झाली हे कळते, आणि तिचा जाबही द्यावा लागतो; निदान स्वतःच्या वहीला तरी!

तेल्हाऱ्याला विमानतळ नाही. जवळचा विमानतळ म्हणजे अकोल्याच्या पूर्वेला असलेला शिवणीचा. तेल्हाऱ्याहून तो सरळ रेषेत सुमारे ४३ किलोमीटर आहे. १९४३ मध्ये तो बांधला गेला. त्याची धावपट्टी सुमारे १४०० मीटर लांब आहे. एवढ्या धावपट्टीवर मोठे जेट विमान चालवता येत नाही. सिम्युलेटर तुम्हाला अडवणार नाही, पण खऱ्यासारखे उडायचे असेल तर धावपट्टी पाहूनच विमान निवडले पाहिजे. म्हणून आपण सेसना १७२ हे चार जणांचे, एका पंख्याचे विमान घेऊ. १९५५ साली ते पहिल्यांदा उडाले. जगात या जातीची जेवढी विमाने बनली तेवढी दुसऱ्या कोणत्याही जातीची बनली नाहीत. शिकणारे पुष्कळ वैमानिक याच विमानावर शिकतात.

यात एक गोष्ट वऱ्हाडच्या मुलांनी तरी विसरू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. शिवणीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १००० फूट उंच आहे. पण ४५ अंशांच्या उन्हात विमानाला ती जवळजवळ ५००० फुटांवर असल्यासारखी वाटते. त्याला धावायला जास्त जागा लागते. म्हणून मेमधले उड्डाण दुपारी दोनला न ठेवता सकाळी सहाला ठेवावे.

आपल्याला शिवणीहून नागपूरला जायचे आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणी टिंब करा आणि मोजपट्टीने रेघ ओढा. नकाशाच्या प्रमाणावरून अंतर काढा. ते सुमारे २११ किलोमीटर भरेल. रेल्वेने हेच अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, कारण रेल्वे बडनेऱ्यानंतर खाली वळून पुलगाव-वर्धा करीत नागपूरला जाते. वैमानिक अंतर नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर. तेव्हा आपला मार्ग ११४ नॉटिकल मैलांचा झाला. तासाला एक नॉटिकल मैल या वेगाला 'नॉट' म्हणतात.

आता दिशा. कोनमापकाचे शून्य उत्तरेला ठेवा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे कोन मोजा. पूर्व म्हणजे ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आपली रेघ ७८ अंशांवर येते, म्हणजे पूर्वेहून किंचित उत्तरेकडे. अशा कोनाला इंग्रजीत 'अझिमथ' म्हणतात. हा शब्द अरबीतून तिकडे गेला आहे. तुम्ही उर्दूत दिशेला 'सम्त' म्हणता ना? त्याच शब्दाचे ते रूप आहे. 'नकाशा' तर तुमच्या 'नक़्शा'चाच भाऊ. होकायंत्राचा काटा खऱ्या उत्तरेपासून थोडा ढळलेला असतो. काही देशांत हा फरक दहा-पंधरा अंशांचाही असतो आणि तो हिशेबात धरावा लागतो. आपल्या भागात तो फारच थोडा आहे. त्यामुळे ७८ अंश म्हणजे ७८ अंशच धरायला हरकत नाही.

दिशा अचूक का हवी? वैमानिकांचा एक सोपा हिशेब आहे. एका अंशाची चूक झाली तर ६० मैल गेल्यावर तुम्ही एक मैल बाजूला गेलेले असता. पाच अंशांची चूक करून आपण नागपूरपर्यंत गेलो तर सुमारे दहा नॉटिकल मैल, म्हणजे १८ किलोमीटर चुकू. खाली धुके असेल तर तेवढ्या अंतरावरून विमानतळ दिसणारही नाही.

म्हणून वाटेत खुणा ठरवाव्या लागतात. वऱ्हाडात हे काम वाटते तेवढे सोपे नाही. वरून पाहिले तर काळी सपाट जमीन, कापूस, तूर आणि पुन्हा कापूस. एक शेत दुसऱ्यासारखेच दिसते. गावेही सारखीच. अशा ठिकाणी खूण म्हणून नदी, रेल्वेमार्ग किंवा मोठा जलाशय घ्यावा. आपली रेघ मूर्तिजापूरच्या थोडी उत्तरेकडून जाते, तेव्हा गाव आणि रेल्वे उजव्या हाताला दिसली पाहिजे. ३८ नॉटिकल मैलांवर अमरावतीचा बेलोरा विमानतळ जवळजवळ विमानाच्या खालीच येतो. याहून चांगली खूण दुसरी नाही! पुढे रेल्वे उजवीकडे दूर जाते. मग वर्धा नदी ओलांडायची. अमरावती जिल्हा येथे संपतो आणि वर्धा जिल्हा सुरू होतो. आर्वी डाव्या हाताला राहते. नागपूर जवळ येऊ लागले की बोर धरणाचे पाणी उजवीकडे दिसते. प्रत्येक खुणेपुढे वहीत वेळ लिहून ठेवा. बेलोरा ठरल्या वेळी खाली आला नाही तर समजावे की वाऱ्याने किंवा आपण स्वतः कोठेतरी घोळ घातला आहे.

उंचीचाही एक नियम आहे. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, म्हणजे ० ते १७९ अंशांत जाणाऱ्या विमानांनी विषम हजार फुटांवरून जायचे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवरून. डोळ्यांनी पाहत उडणारी लहान विमाने त्यात आणखी ५०० फूट मिळवतात. समोरासमोर येणारी दोन विमाने त्यामुळे एका उंचीवर भेटत नाहीत. आपण पूर्वेला निघालो आहोत. जमीन हजार-दीड हजार फूट उंच आहे. तेव्हा ५५०० फूट ठीक. परत येताना ४५०० किंवा ६५००.

आता वारा. येथे गंमत आहे, म्हणून थोडे सावकाश वाचा. आपल्या विमानाचा हवेतला वेग ११० नॉट धरू. वारा नसेल तर ११४ मैलांना ६२ मिनिटे लागतील. जाऊन येऊन १२४. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तो २० नॉटचा आहे असे समजा. जाताना तो पाठीमागून ढकलतो आणि जमिनीवरचा वेग सुमारे १३० नॉट होतो. ५३ मिनिटांत नागपूर! येताना तोच वारा समोरून येतो, वेग ९० नॉटवर उतरतो आणि ७६ मिनिटे लागतात. बेरीज करा. १२९ मिनिटे झाली. जाताना जे मिळाले ते येताना फिटेल असे आपल्याला वाटते, पण पाच मिनिटे अधिक लागली. कारण उघड आहे : मदत करणारा वारा आपल्याला थोडाच वेळ भेटला आणि विरोध करणारा जास्त वेळ. वारा वाढला की हा तोटाही वाढतो.

हा वारा अगदी सरळ पाठीमागून येत नाही. तो आपल्याला किंचित उजवीकडे ढकलतो. म्हणून विमानाचे नाक दोन अंश डावीकडे, म्हणजे ७६ वर ठेवायचे. पूर आलेल्या नदीत नावाडी नाव थोडी वरच्या अंगाला धरतो, तसेच हे.

वेळ कळली की इंधन कळते. सेसनाला तासाला साधारण ३२ लिटर पेट्रोल लागते असे धरू. नागपूरपर्यंत २८ लिटर. सुरू करणे, धावणे आणि वर चढणे यांसाठी ५ लिटर जास्त. पण एवढेच घेऊन निघालात तर तुम्ही वैमानिक नव्हे! नागपूरला पोचल्यावर वादळ असेल, धावपट्टी बंद असेल, तर काय? तेव्हा परत बेलोऱ्यापर्यंत येता आले पाहिजे. ते ७६ नॉटिकल मैल आहे आणि वारा समोरून आहे, म्हणून ५१ मिनिटे, म्हणजे २७ लिटर. शिवाय पाऊण तासाचा साठा कधीच न वापरण्यासाठी ठेवायचा. तो २४ लिटर. एकूण ८४ लिटर झाले. म्हणजे जायला जेवढे लागते त्याच्या तिपटीने घ्यायचे. "मग टाकी पूर्णच का भरू नये?" असे तुम्ही विचाराल. टाकीत सुमारे २०० लिटर मावते. त्याचे वजन १४४ किलो होते. चार मोठी माणसे बसवून एवढे वजन घेतले तर विमान जड होते, आणि आपली धावपट्टी तर लहान आहे.

इंधनाचा हिशेब चुकला तर काय होते ते एका खऱ्या प्रसंगावरून पाहा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडात तेव्हा पौंड सोडून किलोग्रॅम वापरणे सुरू झाले होते. विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. विमानातील इंधनदर्शक बंद होते, म्हणून हिशेब हाताने केला गेला. त्यात जुने पौंडाचे माप वापरले गेले आणि टाकीत २२,३०० पौंडच इंधन राहिले. हे निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. सुदैवाने कप्तानाला इंजिनाशिवाय तरंगणारी ग्लायडर विमाने चालवण्याचा सराव होता आणि सहवैमानिकाला जवळची गिमली येथील जुनी लष्करी धावपट्टी ठाऊक होती. ते विमान तेथे तरंगत उतरले आणि सर्व जण वाचले. गणितात 'एकक लिहा, एकक लिहा' असे गुरुजी सांगतात तेव्हा आपल्याला कंटाळा येतो. त्या दिवशी एकक चुकले होते. सिम्युलेटरमध्येही इंधन कोठे पौंडात, कोठे किलोत, कोठे गॅलनमध्ये दाखवतात. तेव्हा पाहून भरा.

नागपूर आले. तेथील धावपट्टीच्या एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला ३२ असे आकडे रंगवलेले आहेत. हे दिशेचेच आकडे आहेत, शेवटचे शून्य तेवढे काढलेले. एका बाजूने उतरताना नाक १४० अंशांवर असते, दुसऱ्या बाजूने ३२० वर. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात, म्हणजे कमी वेगात जमीन लागते. आपला वारा २७० अंशांकडून येत आहे. मग ३२ ची बाजू निवडली पाहिजे, कारण २७० ला ३२० जवळ आहे. निघतानाही हेच. शिवणीची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. जायचे पूर्वेला असले तरी पश्चिमेकडे तोंड करून उडायचे आणि मग वळायचे.

नागपूर हे मार्ग आखणाऱ्यांचे जुने आवडते ठिकाण आहे. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून डाकोटा विमाने पत्रांच्या थैल्या घेऊन निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परत जात. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी मद्रासला पोचे. नागपूरच का? नकाशा पाहा. चारही शहरांच्या मध्ये ते आहे. तरी अंतरे सारखी नाहीत. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५. डाकोटाचा वेग तासाला २७० किलोमीटर धरा आणि चारही विमाने रात्री बाराला नागपूरला आणायची असतील तर कोणते किती वाजता सोडाल ते काढा. कलकत्त्याचे सर्वांत आधी, सव्वाआठनंतर लगेच निघाले पाहिजे. मुंबईच्या विमानाला साडेनऊपर्यंत थांबता येईल. वारा मात्र मी धरलेला नाही, तो तुम्ही धरा. आभासी उड्डाणाची आवड असणाऱ्यांनी हा मार्ग एकदा तरी उडून पाहावा. रात्र असते, खाली अंधार असतो, आणि घड्याळाशिवाय दुसरा सोबती नसतो.

आजचा खरा मार्गही घेता येतो. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तेथील धावपट्टी १८५० मीटर आहे, म्हणून तेथे ए.टी.आर. ७२ हे दोन पंख्यांचे प्रवासी विमान येऊ शकते. शिवणीची धावपट्टी वाढवावी ही अकोलेकरांची जुनी मागणी का आहे, ते यावरून तुमच्या लक्षात येईल. बेलोरा ते मुंबई सुमारे ५४० किलोमीटर. रेघ छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, थोडी उत्तरेकडून जाते आणि पुढे सह्याद्री ओलांडते. तेथे रेघेच्या उजव्या बाजूला कळसूबाईचे शिखर आहे, १६४६ मीटर उंच. फुटांत ते ५४०० होते. नागपूरला जाताना जी उंची आपल्याला भरपूर वाटली ती येथे शिखराच्या माथ्याशी येऊन ठेपते. तेव्हा मार्ग बदलला की उंचीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करायचा.

आणि शेवटी तेल्हारा. शिवणीहून उडून ३२८ अंशांवर, म्हणजे वायव्येकडे वळा. पूर्णा नदी ओलांडली की काही मिनिटांत तेल्हारा येते. तेथून ईशान्येला सुमारे ३० किलोमीटरवर नरनाळ्याचा किल्ला आहे. तो ९०० मीटरपेक्षा उंच डोंगरावर आहे, आणि त्याच्यामागे सातपुडा आणखी चढत जातो. चिखलदऱ्याजवळचे वैराट ११७८ मीटर आहे. नरनाळ्याकडे जाताना किती फुटांवर राहाल? सपाटीवरून जाताना हा प्रश्न पडत नाही, म्हणून तेल्हारा सोडण्याआधीच वर चढायला सुरुवात करा. नरनाळ्याहून शिवणी जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. हा सगळा फेरा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा आहे, तासाभरात पुरा होतो.

सिम्युलेटरमधली जमीन बहुधा उपग्रहाच्या चित्रांवरून केलेली असते. मोठी शहरे त्यात चांगली दाखवतात, लहान गावांत मात्र कोठलीही घरे, कोठलीही झाडे टाकून देतात. तेल्हाऱ्यावरून जाताना विमान थोडे खाली आणा आणि आपली शाळा, मशीद, बाजार, बसस्थानक कोठे असायला हवे ते पाहा. जे दिसले नाही किंवा भलत्याच ठिकाणी दिसले ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच वहीवरून खुणा ठरवायच्या आहेत.